लेण्याद्रीचें सहावें लेणें

अष्टविनायकांपैकीं खराखुरा डोंगर चढून ज्याच्या दर्शनास जावें लागतें असा गणपति एकच. तो लेण्याद्रीचा गिरिजात्मज. जुन्नरहून उत्तरेस कुकडी ओलांडून तीनएक मैल गेलें कीं गोळेगांवाजवळ हा डोंगर लागतो. पायथ्याशीं नारळ-दुर्वांचीं दुकानें, वृद्धांसाठीं डोलीवाले, आणि मग सुमारें तीनशें दगडी पायऱ्या. वाटेंत माकडांचा उपद्रव फार. नैवेद्याची पिशवी पदराखालींच धरावी हें बरें. देवदर्शनास निघालेल्या माणसाला येथें सरकारी तिकीट काढावें लागतें याचें पुष्कळांस नवल वाटतें. कांहींना रागही येतो. परंतु या स्थळाची अर्धी हकीकत त्या तिकिटांतच आहे. गजानन ज्या घरांत राहतो तें घर मुळांत त्याच्यासाठीं झालेलें नव्हतें. तें बौद्ध भिक्षूंचें वसतिस्थान, आणि म्हणूनच आज पुरातत्त्व खात्याच्या ताब्यांतलें संरक्षित स्मारक.

डोंगराच्या दक्षिणेकडील कड्यांत एका रांगेनें तीसएक लेणीं कोरलेलीं आहेत. पूर्वेकडून मोजीत गेलें म्हणजे सातवें तें गणपतीचें. आंत शिरतांच प्रथम जाणवतो तो गारवा, आणि डोळे अंधाराला सरावले कीं दालनाचा विस्तार. सुमारें ५७ फूट खोल, ५१ फूट रुंद आणि अवघी ११ फूट उंची. आणि एवढ्या छताला मध्यें आधाराचा एकही खांब नाहीं. घर बांधलेल्या कोणाही गृहस्थाला याचें मर्म सांगावयास नको. दालनाच्या तीन अंगांस मिळून वीस कोठड्या होत्या. सात डावीकडे, सात उजवीकडे, सहा समोर. समोरच्या मधल्या दोन कोठड्या एक करून तेथें गर्भगृह केलें आहे. मूर्ति कातळांतलीच, शेंदरानें माखलेली. पार्वतीनें पुत्रप्राप्तीसाठीं या डोंगरावर दीर्घ तप केलें आणि गजानन येथें तिचा पुत्र झाला, अशी कथा पुजारी सांगतात. म्हणून नांव गिरिजात्मज.

यात्रेकरू ज्याला सभामंडप म्हणतात तें भिक्षूंचें एकत्र बसण्याचें दालन, आणि ज्यांना ओवऱ्या म्हणतात त्या त्यांच्या राहण्याच्या खोल्या. एकेक खोली म्हणजे माणसानें अंग टाकावें आणि पात्र-चीवर ठेवावें एवढीच जागा. एरवीं भिक्षूनें फिरत राहावयाचें आणि पावसाळ्यांत एका जागीं वास करावयाचा, असा संघाचा नियम होता. जुन्नरचा पावसाळा ज्यानें पाहिला असेल त्याला या कोठड्यांचें प्रयोजन लगेच कळेल. आपल्या संन्याशांचा चातुर्मास आणि भिक्षूंचा वर्षावास हीं एकाच पावसाचीं दोन नांवें होत. जैन मुनींनाही तोच पाऊस आणि तोच नियम. आषाढ लागला कीं आमच्या घरांत कांदा-लसूण वर्ज्य करून व्रतें धरणाऱ्या ज्या स्त्रिया आहेत, त्यांची शिस्त या कोठड्यांतील शिस्तीला वाटते तितकी परकी नाहीं.

गणपतीचें दर्शन झालें कीं बहुतेक मंडळी प्रसाद घेऊन उतरावयास लागतात. त्यांतल्या शेंकडा नव्वदांनीं शेजारचें सहावें लेणें पाहिलेलें नसतें. तें चैत्यगृह होय; म्हणजे भिक्षूंचें देवघर. घोड्याच्या नालेसारखी वर कमान, आंत दोन्ही बाजूंस खांब, त्यांच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी, आणि अगदीं आंत स्तूप. बुद्धाची मूर्ति मात्र नाहीं. हीं लेणीं कोरलीं त्या काळीं येथील उपासक बुद्धाला मनुष्यरूपांत दाखवीत नसत. स्तूपाला प्रदक्षिणा घालावी, तीच पूजा. या चैत्यगृहाच्या लेखांत दात्याचें नांव आहे: कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा. आजही कल्याणहून जुन्नरला माळशेज घाटानें यावयाचें म्हटलें तर बरीच दगदग होते. त्या काळीं नाणेंघाट चढून, बैलांचे तांडे घेऊन आलेल्या एका सोन्याच्या व्यापाऱ्याच्या घराण्यानें परक्या गांवच्या डोंगरांत हा खर्च केला आणि खालीं एक ओळ लिहून ठेवली.

जुन्नरभोंवतींच्या डोंगरांत मिळून दोनशेंहून अधिक लेणीं आहेत आणि त्यांतल्या दात्यांची यादी वाचली तर त्या काळची बाजारपेठच डोळ्यांपुढें उभी राहते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें एक लेणें आणि पाण्याचें टाकें दिलें. चित नांवाच्या एका यवनानें, म्हणजे ग्रीक म्हणविणाऱ्या गृहस्थानें, संघासाठीं भोजनमंडप दिला. इरिल नांवाच्या दुसऱ्या यवनानें दोन टाकीं दिलीं. पाण्याची ही काळजी मला विशेष वाटते. डोंगरावर राहणाऱ्याला उन्हाळ्यांत सर्वांत मोठें दान कोणतें, हें त्या परदेशी माणसाला बरोबर कळलें होतें. या लेखांची भाषा प्राकृत, परंतु मराठी कानाला ती फारशी दूरची वाटत नाहीं. गुहेला लेखांत 'लेण' म्हटलें आहे. आपण 'लेणें' म्हणतों. दान दिलें हें सांगतांना 'देयधम' असा शब्द येतो, आणि तो वाचतांना आपल्या तोंडांतला 'दानधर्म' आठवल्याशिवाय राहत नाहीं.

आमच्या बरोबर नात्यांतल्या एक वृद्ध आत्याबाई होत्या. हें सगळें ऐकून त्या कोठडीच्या उंबऱ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "अरे, मग हें स्थान त्यांचें कीं आपलें?" प्रश्न भाबडा खरा, पण सोपा नाहीं. या एकाच प्रश्नाचीं आज महाराष्ट्रांत निरनिराळीं उत्तरें दिलीं जातात, आणि तीं देतांना पुष्कळदां आवाज चढतो. त्याचें उत्तर लेण्याद्रीवर बसून देण्यापूर्वीं जुन्नरच्या परिसरांतलीं आणखी दोन ठिकाणें पाहून यावीं हें बरें.

पहिलें म्हणजे गांवाच्या दक्षिणेचा मानमोडीचा डोंगर. येथें एका लेखांत अयम नांवाचा अमात्य सांगतो कीं, महाक्षत्रप स्वामी नहपान राजाच्या ४६ व्या वर्षीं आपण पुण्यासाठीं एक टाकें आणि एक मंडप दिला. हें वर्ष शककालाचें मानलें तर इ. स. १२४ येतें. हा अमात्य आपलें गोत्रही सांगतो: वत्स. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं अजून तेंच गोत्र उच्चारलें जात असेल. गोत्र सोडलें नाहीं, राजसेवा सोडली नाहीं, आणि भिक्षूंसाठीं मंडप दिला. त्याला यांत कांहीं विसंगति वाटली असेल असें त्या लेखांत कोठेंच दिसत नाहीं. नाशिकच्या पांडवलेण्यांत याहून मोठा दाखला आहे. राजमाता गौतमी बलश्री हिनें तेथें आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णि याचे गुण वर्णिले आहेत. त्यांत त्याला 'एकबम्हण', म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, असें म्हटलें आहे. आणि हा लेख कोरला आहे कशावर? तर तिनें भद्रायणीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना दिलेल्या लेण्यावर!

दुसरें ठिकाण नाणेंघाट. जुन्नरहून पश्चिमेस सुमारें वीस मैलांवर, जेथें देश संपून एकदम कोंकणांतली खोल दरी दिसूं लागते तेथें, घाटाच्या तोंडाशीं एक गुहा आहे. तिच्या भिंतींवरील लांबलचक लेख सातवाहनांच्या राणी नागनिकेचा. बहुतेक विद्वान तो इ. स. पूर्वीं पहिल्या शतकांतला मानतात. त्यांत आरंभीं इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे; आणि मग यज्ञांची यादी. दोन अश्वमेध, राजसूय, आणि आणखी कितीतरी; त्यांच्या दक्षिणा; हजारों गाई, हत्ती, घोडे, कार्षापणांचे ढीग. म्हणजे घाट चढून वर येणारा व्यापारी प्रथम वैदिक यज्ञांची ही यादी पाही आणि दोन मुक्कामांनंतर जुन्नरला पोंचला कीं भिक्षूंच्या चैत्याला दान देई. रस्ता एक, बैल तेच, पैसाही तोच.

यावरून कोणी असें समजूं नये कीं त्या काळीं सगळें गोडीगुलाबीचें होतें. भिक्षूंनीं यज्ञांतील पशुवधाला नांवें ठेविलीं, वेदांचें प्रामाण्य नाकारलें, जन्मानें कोणी श्रेष्ठ होत नाहीं असें सांगितलें. ब्राह्मणांच्या ग्रंथांनीं त्यांना पाखंडी म्हटलें. पुढें पुढें तर हें वैर मूर्तींतही उतरलें. बौद्धांच्या अपराजिता नामक देवीच्या पायाखालीं गणपति तुडविलेला दाखविलेल्या मूर्ति बिहारांत मिळाल्या आहेत. आणि गंमत अशी कीं, तोच गणपति बौद्धांच्याच बरोबर चीनमार्गें जपानांत गेला आणि तेथें कांगितेन या नांवानें आजही पूजिला जातो. टोकियोच्या आसाकुसा भागांतील मात्सुचियामाच्या मंदिरांत त्याला पांढरे मुळे वाहतात. मोदक नाहींत, पण भाव तोच! धर्माचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं 'संघर्ष' आणि 'समन्वय' असे दोन शब्द करून ठेवले आहेत. जुन्नरला हिंडतांना दोन्ही अपुरे वाटतात. शेजाऱ्याशीं आपण भांडतों, त्याच्याकडून विरजण आणतों, त्याच्या घरच्या लग्नाला आहेर करतों, आणि तो गांव सोडून गेला कीं त्याची पडवी वापरूं लागतों. येथें असेंच कांहींसें झालें असावें.

आतां आपल्या घरांत येऊं. दर भाद्रपद चतुर्थीला गणपतीसमोर बसून आपण आचमन करतों आणि भटजी संकल्प सांगतात. गोदावरीच्या दक्षिण तीरीं, 'शालिवाहनशके', 'बौद्धावतारे'. हे शब्द कानांवरून इतक्या वेळां गेले आहेत कीं त्यांचा अर्थ विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु हे दोन्ही शब्द जुन्नरच्या मातीतले आहेत. शालिवाहन म्हणजे सातवाहन; ज्यांच्या राणीचा लेख नाणेंघाटांत आहे ते. शक म्हणजे त्यांचे वैरी. नहपानाचा जांवई उषवदात स्वतःस शक म्हणवितो. गौतमीपुत्रानें नहपानाचा पराभव करून त्याच्या नाण्यांवर आपले ठसे मारले. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभें येथें तेरा हजारांवर नाण्यांचा सांठा सांपडला, त्यांत अशीं पुनर्मुद्रित नाणीं हजारों होतीं. पुढील शतकांनीं मात्र या दोन वैऱ्यांना एका समासांत बसवून टाकलें! आणि त्याच श्वासांत आपण म्हणतों कीं सध्यां विष्णूचा बुद्धावतार चालू आहे. म्हणजे घरोघर गणपतीची पूजा होते ती बुद्धाच्या नांवानें काळ सांगून, आणि लेण्याद्रीवर तोच गणपति बुद्धाच्या भिक्षूंच्या खोलींत बसला आहे.

हा 'अवतार' शब्द मात्र जपून हाताळण्यासारखा आहे. त्याचे दोन अर्थ आपल्याच ग्रंथांत आहेत. विष्णुपुराणांतील मायामोहाची आणि भागवतांतील बुद्धाची कथा पाहिली तर असुरांना भुलवून वेदमार्गांतून भ्रष्ट करण्यासाठीं देवानें हें रूप घेतलें असें दिसतें. म्हणजे बुद्ध देव खरा, पण त्याचा उपदेश फसवणुकीचा! उलट जयदेवानें गीतगोविंदांत बुद्धाची जी स्तुति केली आहे ती पशूंविषयींच्या करुणेसाठीं. तेथें फसवणुकीचा मागमूसही नाहीं. काश्मिरी कवि क्षेमेंद्रानें तर आपल्या दशावतारचरितांत बुद्धाचें चरित्र आदरानें गाइलें आहे. महाराष्ट्रानें तिसराच मार्ग काढला. आपल्याकडील जुन्या दशावतारांच्या चित्रांत व शिल्पांत नवव्या जागीं कधीं कधीं कटीवर हात ठेवलेला विठोबा उभा असतो, आणि संतांनींही त्याला बौद्ध म्हणून संबोधिलें आहे. शस्त्र टाकलेला, मौन धरलेला देव. डॉ. रा. चिं. ढेरे यांनीं आपल्या १९८४ च्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथांत या धाग्याचा विचार केला आहे. जयदेवाचा आणि संतांचा अर्थ मला प्रिय आहे. पण संकल्पांत आपण जो शब्द उच्चारतों त्यांत पुराणांतला तो दुसरा अर्थही दडलेला आहे, हें नाकारून चालणार नाहीं.

मराठी छापखान्यानें बुद्धाला आपल्या घरांत पुन्हां कसें आणलें हीही एक मौजेची कथा आहे. गोव्यांतील सांखवाळ येथें १८७६ सालीं जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनीं 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकांत बुद्धाविषयींचा लेख वाचला आणि त्यांना ध्यास लागला. १८९९ सालीं घर सोडून ते पुण्यास संस्कृत शिकले आणि पुढें नेपाळ व सिंहलद्वीप हिंडून पाली विद्येचे आचार्य झाले. त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ १९४० सालचा. १९४७ सालीं सेवाग्राम येथें त्यांनीं देह ठेविला. मासिकांतल्या एका लेखानें एवढें घडूं शकतें, हें मासिकाच्या वाचकांना सांगतांना मला थोडा अभिमान वाटतो. दुसरी गोष्ट कृष्णराव अर्जुन केळूसकरांची. त्यांनीं १८९८ सालीं मराठींत गौतम बुद्धाचें चरित्र लिहिलें आणि १९०७ सालीं मॅट्रिक झालेल्या एका विद्यार्थ्याच्या सत्कारप्रसंगीं त्याला तें भेट दिलें. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर.

त्याच डॉ. आंबेडकरांनीं १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या वेळीं दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दोन प्रतिज्ञा आपल्या विषयाला थेट येऊन भिडतात. एक, गौरी-गणपति इत्यादि देवतांची उपासना न करण्याची. आणि दुसरी, बुद्ध हा विष्णूचा अवतार होय हें म्हणणें खोटें व खोडसाळ समजण्याची. आमच्या घरांतल्या पुष्कळांना ही दुसरी प्रतिज्ञा पहिल्यानें ऐकतांना दुखवते. 'आम्ही तर बुद्धाला देव मानतों. यांत अपमान कोठला?' असें ते म्हणतात. पण ज्याला गांवच्या देवळाबाहेर उभें केलें, पाणवठ्यावर शिवूं दिलें नाहीं, त्यानें आपला गुरु निवडला आणि तेवढ्यांत आम्ही म्हणालों कीं हा आमचाच. तर त्याला तें प्रेम वाटावें कीं आणखी एक ताबा? पुराणांतला फसवणुकीचा अर्थ ज्यानें वाचला असेल त्यानें तरी या प्रतिज्ञेवर रागावूं नये. २०११ च्या जनगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत बौद्धांची संख्या पासष्ट लाखांवर आहे. सातव्या लेण्याकडे भक्तिभावानें पाहणारे आम्ही आहों, तसे त्या कोठड्यांकडे पितरांचें घर म्हणून पाहणारेही आतां आहेत. आणि तिकीट दोघांनाही सारखेंच आहे.

आत्याबाईंना मीं तेव्हां एवढेंच सांगितलें कीं, घर त्यांचें, बिऱ्हाड आपलें. आणि बिऱ्हाडकरूनें निदान घरधन्याचें नांव ठाऊक करून घ्यावें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें मात्र हातांतला निम्मा नारळ तसाच ठेवून म्हणाल्या, "चल, तें शेजारचें दाखीव बरें मला." सहाव्या लेण्यांत त्या स्तूपाला एक प्रदक्षिणा घालून आल्या. मंत्र कोणता म्हटला तें मीं विचारलें नाहीं.

लेण्याद्रीस जाणारांनीं सकाळचीच वेळ धरावी. दुपारीं पायऱ्या तापतात. जवळ अर्धा दिवस असेल तर जुन्नरच्या पश्चिमेस तुळजा लेण्यांकडेही जाऊन यावें. तेथें एक चैत्यगृह आहे, तसें दुसरीकडे सहसा पाहावयास मिळत नाहीं. तें लांबट नसून वाटोळें आहे, आणि मधल्या स्तूपाभोंवतीं बारा अठपैलू खांब कोंडाळें करून उभे आहेत. शेजारच्या एका कोठडींत तुळजादेवी बसली आहे, तिच्यावरूनच लेण्यांना नांव पडलें. नाणेंघाटास जावयाचें असेल तर पावसाळा उतरल्यावर जावें. गुहेच्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजा, राणी नागनिका आणि राजपुत्र यांच्या मूर्ति कोरलेल्या होत्या. त्या फुटून गेल्या, फक्त पावलांच्या खुणा राहिल्या आहेत. वर कोरलेलीं नांवें मात्र वाचतां येतात. बाहेर घाटाच्या तोंडाशीं जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजण आहे, त्यांत पावसाचें पाणी सांचलेलें असतें.